बळदाकडची भिंत

या सदरातील अनुभव मी नियमितपणे वाचतो. त्यांपैकी बहुतेकांवर माझा विश्वास बसत नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. अमावास्या आली, पिंपळ आला, पांढरे पातळ आले... की मी पान उलटतो.

आमच्या घरातील देव्हारा छप्पन सालीच निघाला. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर देव, भूत, नवस, अंगारा यांपैकी काहीही आमच्या उंबरठ्याच्या आत आले नाही. पुढे मी स्थापत्याचा डिप्लोमा केला आणि सारी नोकरी बांधकाम खात्यात केली. जे मोजता येत नाही त्यावर मी बोलत नाही. आज जे लिहीत आहे ते मोजलेले आहे. म्हणूनच लिहीत आहे.

सत्तरच्या दशकातील गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या बाजूला एका सडकेचे काम माझ्याकडे होते. गावाचे नाव लिहीत नाही. त्या घराचे वारस हयात आहेत. घर भाड्याने मिळायला मला वेळ लागला. का लागला, ते या भागातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. अखेरीस मन्मथअप्पा नावाच्या लिंगायत वाण्याने आपले जुने दुकानघर दिले. ते स्वतः सेलूला राहायला गेले होते. किल्ली देताना ते म्हणाले, "घर कोरडं हाय, भिंती दणकट हायेत. फकस्त आतली खोली हिवाळ्यात वापरू नका साहेब. गार हाय."

दगडमातीची घरे गारच असतात. मी मान हलवली.

घराची रचना नीट सांगतो, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. पुढे दुकानाची मोठी खोली. तिला फळ्यांचे दार, त्यात बोट जाईल अशा फटी. तिच्यामागे आतली खोली, दहा फूट बाय बारा फूट. छत माळवदाचे, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. आणि आतल्या खोलीच्या पूर्वेला, एकाच भिंतीपलीकडे, बळद. नव्या पिढीसाठी सांगतो – बळद म्हणजे धान्य साठवण्याची बंद कोठी. तिला दार नसते, खिडकी नसते. धान्य वरून, माळवदातील गोल भोकातून ओततात आणि भोकावर फरशी ठेवतात. काढायचे ते खालून; भिंतीत जमिनीलगत दोन वितींचे तोंड असते, त्यावर लाकडी झडप. हे बळद रिकामे होते. मी वरून बॅटरी लावून पाहिले होते. तळाला धूळ होती. उंदीरसुद्धा नव्हता.

पत्नी रत्नमाला बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी जाणार होती. त्याआधीच, सातव्या महिन्यात, ऐन पौषात कळा सुरू झाल्या. गावातील सुईण अनुसयामावशी धावत आल्या. मावशी आमच्याच समाजाच्या, साठीच्या पुढच्या, अंगाने काटक आणि तोंडाने सैल. दिवस वर यायच्या आत मुलगी झाली. माझी ओंजळ भरेल एवढीसुद्धा नव्हती.

खात्याच्या जीपमधून मी तालुक्याहून डॉक्टरांना आणले. त्यांनी बराच वेळ तपासले. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "हिला या थंडीत जीपमधून नेणे मला पटत नाही. आईच्या अंगाशी ठेवा. पण खोली गरम हवी. तीस अंश. खाली येऊ देऊ नका. अशा बाळाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. आणि निखारे, धुरी, शेगडी यांतले आत काहीही नको. कोंडलेल्या खोलीत ते विष आहे."

"खोली तीसवर राहिली तर?" मी विचारले.

"तर जगेल."

ते जीपने परत गेले. मी आत येऊन आतली खोली मोजू लागलो. पुढच्या खोलीत त्या फटींमुळे ऊब धरणे शक्यच नव्हते.

खात्यात येण्यापूर्वी मी औरंगाबादेत एका शीतगृहाच्या बांधकामावर होतो. तेथे भिंतीतून किती उष्णता आत येते याचे गणित मी शिकलो. खोली गरम ठेवायची असो की थंड, गणित एकच. फक्त बाणाची दिशा बदलते. बाहेरच्या हवेला लागून असलेल्या भिंतीचे सोपे असते – आतले तापमान माहीत, बाहेरचे माहीत. अवघड असते ती बंद, न तापवलेल्या जागेला लागून असलेली भिंत. तिच्या पलीकडे किती थंड आहे हे आपल्याला ठाऊक नसते. ती जागा खोलीइतकी उबदार नसते आणि बाहेरच्याइतकी गारही नसते. खोलीकडून तिला जेवढी ऊब मिळते तेवढीच ती बाहेर देत राहते, आणि जिथे हे दोन्ही सारखे होते त्या तापमानावर ती स्थिरावते. ते तापमान काढायचे, मग भिंतीची गळती काढायची.

मी कोळशाच्या तुकड्याने शहाबादी फरशीवर हे सारे मांडले. खोली तीसवर ठेवली आणि बाहेर पहाटे आठ अंश धरले, तर बळद पंधरा-सोळावर स्थिरावते. भिंती, छत, झरोका सगळे धरून खोलीला तासाला उकळत्या पाण्याच्या दोन घागरी पुरतात. अंगणात चूल मांडून तिच्यावर पाण्याचे पिंप चढवले. मजुरांपैकी दोन बायका पाळीपाळीने जाळ घालू लागल्या. घागरी झाकण लावून खोलीत ठेवायच्या, निवत आल्या की बदलायच्या. सुरक्षेसाठी मी दोनच्या तीन केल्या.

डांबराचे तापमान पाहण्याचा थर्मामीटर माझ्याजवळ होता. तो मी भिंतींना लावून पाहत होतो तेव्हा मावशी आत आल्या.

"काय लावायलात साहेब भितीला?"

"थर्मामीटर."

"डांबराचा न्हवं का त्यो? आता काय भितीवर सडक करता का काय!"

रत्नमाला बाजेवरून हसली. मुलगी झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

मी हसलो नाही. तीन घागरी ठेवूनही खोली बावीसच्या वर चढत नव्हती.

मी झरोका तपासला. छताच्या कडा लिंपून घेतल्या. घागरींच्या चार केल्या. खोली चोवीसवर आली आणि थांबली. बाळाचे पाय गार होते. रडणे बारीक झाले होते. मांजराच्या पिल्लासारखे, तेही मधूनमधून.

मग मी प्रत्येक भिंतीला हात लावून पाहिला. बाहेरच्या भिंती गार होत्या, जेवढ्या असाव्यात तेवढ्या. बळदाकडच्या भिंतीवर हात टेकवला आणि मागे घेतला. ती बाहेरच्या भिंतींपेक्षा गार होती. कितीतरी. बंद कोठीकडची भिंत उघड्या वाऱ्याकडच्या भिंतीहून गार असू शकत नाही. हे कोणत्याही पुस्तकात बसत नाही.

मी उलट गणित मांडले. भिंत इतकी गार असायला पलीकडे किती थंड हवे? उत्तर आले ते बर्फाच्या कितीतरी खाली. मी शिडी लावून माळवदावर गेलो, फरशी सरकवली आणि थर्मामीटर दोरीने बळदात सोडला. पुरेसा वेळ थांबून वर ओढला.

सोळा अंश. माझ्या पहिल्या गणिताप्रमाणे, बरोबर.

म्हणजे खोलीतील उष्णता त्या भिंतीत शिरत होती, आणि पलीकडे पोहोचत नव्हती. उष्णता नाहीशी होत नाही. ती एका जागेतून दुसरीत जाते, एवढेच. मी माळवदावर उकिडवा बसून राहिलो. ऊन होते. खाली गल्लीत कोणीतरी बैलांना हाका घालीत होते. माझ्या हातातील दोरी मात्र... असो. अंदाजाच्या गोष्टी लिहिणार नाही.

खाली आलो. फरशीवरची आकडेमोड मावशी वाकून पाहत होत्या. त्यांना अक्षर येत नव्हते.

"हे समदं त्या भितीचंच हाय?"

"सगळ्या खोलीचे. उष्णता कुठून किती जाते, कुठून किती येते ते. माणसाच्या अंगाचीसुद्धा धरली आहे."

"माणसं किती धरली?"

"दोन. बाळाची धरण्याइतकी नसते."

"आन पलीकडचं?"

"पलीकडे कोणी नाही. बळद रिकामे आहे."

मावशींनी पदराने नाक पुसले. "आमची सासू अशा घरात बाळंतपणाला गेली का पयला शेक बळदात द्यायची. निखारा न्हाई तर ऊन पाण्याची चरवी. मग बाळंतिणीच्या बाजंखाली. तवा खोली धरती."

"का?"

"कामून ते तिनं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. शेजारी उपाशी बसल्यावर आपल्या घरात कुणी तळण तळतंय का? तसं आसंल."

मी त्यांना स्पष्ट सांगितले. बळदात ठेवलेल्या पाण्याची ऊब बाहेरच्या भिंतींतून आणि छतातून निघून जाईल, खोलीला मिळेल तो किरकोळ हिस्सा. जेवढे गरम पाणी आहे तेवढे बाळाजवळच असले पाहिजे. आणि दुसरे – माझ्या घरात असले काही चालणार नाही. "मावशी, तुम्हीही दीक्षा घेतलेली आहे."

"घेतली की. माझ्या हातानं म्हसोबाचा दगुड नदीत टाकला." त्या अजिबात वरमल्या नाहीत. "पर ह्यो देव न्हाई साहेब. म्या काय त्याला कुकू लावायलाय? ह्यो शेजार हाय."

मी विषय संपवला. बारदानाची पोती मागवून बळदाकडच्या भिंतीवर दुहेरी ठोकली. मग कामावर गेलो. डांबर तापत ठेवलेले होते आणि ते माझ्यावाचून ओतता येत नव्हते.

दिवेलागणीला परत आलो तेव्हा खोली तीसवर होती. चार नव्हे, दोनच घागरींवर. पोत्यांखाली हात घातला. भिंत कोमट होती. मुलगी आईच्या छातीशी झोपली होती, पाय उबदार. मला समाधान वाटले. रत्नमालाला मी पोत्यांचे गणित सांगू लागलो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अहो, रागावू नका. दुपारी मावशींनी चरवी आत ठेवली. तेव्हापासून आहे हे."

मी झडप उघडली. हात घालून पितळी चरवी बाहेर काढली. झाकण काढून पाण्यात बोटे घातली, आणि ती बधिर झाली. पौषात विहिरीचे पाणी कोमट लागते. माठातले गार लागते. हे त्यांपैकी कशासारखेही नव्हते.

"हे पाणी कधीचे?"

"आत्ता, दिवा लावायच्या थोडं आधी मावशींनी बदललं. उकळतं होतं. माझ्यासमोर ओतलं."

मी झडप लावली, खिळा मारला. रत्नमालाला म्हणालो, यात काही अर्थ नाही. पोत्यांमुळे भिंत सुधारली आहे. पाण्यात कोणीतरी गार पाणी मिसळले असेल. तिने बाळाला पदराखाली आणखी आत घेतले आणि भिंतीकडे पाठ केली. मुलीच्या आणि भिंतीच्या मध्ये स्वतःचे अंग येईल अशी वळली.

पहाटे तिच्या हाकेने उठलो. तिने मला नावाने हाक मारली होती, जे ती कधी करीत नसे. पाच घागरी आत होत्या आणि खोली अठरावर होती. पोत्यांची बळदाकडची बाजू ओलसर झाली होती. थंड लोट्यावर दव धरते तशी. मुलीचे ओठ निळसर होते. रडत नव्हती.

खिळा मी हाताने उपटला. अंगणातून मावशी चरवी घेऊन आल्या. त्या काही न सांगता भरूनच आल्या होत्या. मी चरवी त्यांच्या हातून घेतली आणि स्वतः आत सरकवली, हात पोहोचेल तेवढी लांब. आत अंधार होता. झडप लावताना मी काहीही म्हटले नाही. मावशींनीही म्हटले नाही. ती प्रार्थना नव्हती.

खोली चढू लागली. वीस. चोवीस. बाहेर तांबडे फुटले तेव्हा अठ्ठावीस. मी भिंतीला तळहात टेकवून उभा होतो. दगडमाती तापते तशी ती सगळीकडून सारखी तापत नव्हती. ऊब आधी खाली आली, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, माणसाच्या पाठीएवढ्या रुंदीत. मग तिथून ती पसरत गेली. मी पोते बाजूला करून दोनदा चाचपून पाहिले. जणू पलीकडून कोणी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि त्याचे अंग आत्ताच कुठे गरम होऊ लागले होते.

मुलगी रडली. मोठ्याने.

रत्नमाला म्हणाली, "त्याला आणखी एक द्या."

त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. उजाडल्यावर दोन सारख्या चरव्या एकाच पिंपातून भरल्या. एक बळदात ठेवली, दुसरी बाहेर ओट्यावर, गार वाऱ्यात उघड्यावर. तासाभराने दोन्ही पाहिल्या. ओट्यावरची हाताला अजून गरम लागत होती. बळदातली धरवत नव्हती, इतकी गार. अदलाबदल करून पुन्हा पाहिले. तेच. पुन्हा शिडी लावून वरून थर्मामीटर सोडला. सोळा अंश. ना कमी, ना जास्त. चरवीची ऊब बळदाच्या हवेला लागत नव्हती. भिंतीला मात्र लागत होती, आणि एका चरवीत असते तिच्या कैक पट.

मावशी ओट्यावर तंबाखू मळत माझी ये-जा पाहत होत्या. "घावलं का साहेब?"

"नाही."

"मग बसा की घडीभर. त्याला घाई न्हाई, तुमाला कामून?"

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटती की." त्यांनी तंबाखू तोंडात टाकला. "पर लेकरू आपल्याकडं हाय, हुडहुडी त्याच्याकडं हाय. आपुन मधी हाव. चरवी द्यायची आन गप ऱ्हायचं."

त्या आठवड्यात मी सेलूला जाऊन मन्मथअप्पांना गाठले. ते दुकानात बसले होते. मुलीची चौकशी केली, चहा मागवला. मी बळदाविषयी विचारले.

"बळदात आमच्या आज्याच्या काळापासून कुणी माल ठेवत न्हाई साहेब. ज्वारी ठेवली तर किडत न्हाई, सडत न्हाई... पर पेरली का उगवत न्हाई."

"आत कधी काही घडले होते?"

"न्हाई. म्या तर काई ऐकलं न्हाई."

"मग आत कोण आहे?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "कोण असणार? रिकामं हाय. म्हणून तर गार हाय."

यापलीकडे मला त्या गावात कोणाकडूनही काही कळले नाही. कोणी मेले होते, कोणी कोंडले गेले होते, अशी कथा मी ऐकली नाही. असती तर सोयीचे झाले असते.

पौष गेला, माघ गेला. चरवी मीच ठेवीत असे. त्या काळात खोली तीसच्या खाली आली नाही. मुलीने अंग धरले. थंडी ओसरली आणि डॉक्टर म्हणाले की आता प्रवास करायला हरकत नाही. माझी बदली परभणीला झाली होती.

निघायच्या सकाळी सामान जीपमध्ये चढले. सवयीने मी एक चरवी भरून बळदात सरकवली. बाजा बांधून होईपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. मग ती बाहेर काढायला हात घातला आणि बोटे भाजली.

पाणी जसे दिले होते तसेच होते. वाफ निघत होती.

मी भिंतीला हात लावला. ती साधी भिंत होती. दगडमातीची, हवेइतकीच गार.

चरवी घेऊन अंगणात आलो. मावशींनी वाफ पाहिली, मग जीपमध्ये बसलेल्या रत्नमालाकडे पाहिले, तिच्या मांडीवरच्या गुंडाळलेल्या बाळाकडे पाहिले. आणि मला हळूच म्हणाल्या, "गाडीत जागा हाय न्हवं?"

मी चरवी ओतून टाकली आणि ती सामानात ठेवली. परभणी येईपर्यंत मी मागे वळून पाहिले नाही. जीपच्या मागच्या बाजूने वारा येत होता, एवढेच सांगू शकतो. ताडपत्री बांधलेली होती.

परभणीच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलीच्या खोलीला लागून सामानाची कोठी होती. उन्हाळा-पावसाळा काही जाणवले नाही. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी रत्नमालाने मला काही न सांगता माझा हात धरून कोठीकडच्या भिंतीवर ठेवला. भिंत ओलसर होती. मुलीचे पाय गार होते. मी चरवी शोधून काढली.

पुढे घरे बदलली. जिथे गेलो तिथे मुलीच्या खोलीशेजारी एखादी न तापणारी, बंद जागा निघेच – कोठी, जिन्याखालची पोकळी, न्हाणी. थंडीच्या दिवसांत चरवी ठेवायची आणि तासाभराने गार झालेली काढायची. आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नाही. मुलीला वाटे, सगळ्या घरांत असेच असते. एकदा ती मैत्रिणीच्या घरी गेली आणि तिच्या आईला विचारून आली, "काकू, तुमची शेजारची चरवी कुठंय?" ती तिला शेजारची चरवी म्हणत असे. हा शब्द तिला आम्ही शिकवला नव्हता, एवढे मी खात्रीने सांगतो.

तिचे लग्न झाले. जावई पालमला शाळेत गणिताचे शिक्षक आहेत. त्या पौषात मी नित्याप्रमाणे कोठीत चरवी ठेवली. तासाभराने हात लावला. गरम होती. संध्याकाळी पाहिली; कोमट होती, जशी कोणतीही चरवी असावी तशी. रत्नमाला दारात उभी होती. म्हणाली, "उद्याच्या पहिल्या एसटीने जा."

पालमला मुलगी अंगावर दोन घोंगड्या घेऊन बसली होती. म्हणाली, बाबा, इथं फार गार आहे हो. तिच्या खोलीला लागून एक रिकामी खोली होती, कडब्याची. मी मधल्या भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

जावयांना मी समोर बसवले. कागद मागवला. न तापवलेल्या जागेला लागून असलेल्या भिंतीतून उष्णता कशी जाते, हे समजावून सांगितले. पलीकडच्या खोलीत रोज उकळत्या पाण्याची एक चरवी ठेवल्यास अलीकडची खोली किती उबदार राहील, ते आकड्यांनी मांडून दाखवले. आयुष्यात मी मांडलेले ते एकमेव खोटे गणित. त्या पाण्याची बहुतेक ऊब बाहेर जाते; अलीकडे जवळजवळ काही येत नाही. हेच मी एकदा एका सुईणीला ठासून सांगितले होते.

जावयांनी कागद दोनदा वाचला. पेन्सिल एका ओळीवर थांबली. चूक नेमकी त्याच ओळीत होती. त्यांनी वर माझ्याकडे पाहिले.

"किती वाजता ठेवायची, बाबा?" त्यांनी विचारले.

ते ठेवतात. अजून ठेवतात. मुलगी बरी आहे.

या साऱ्याचा उलगडा मला झालेला नाही. भूत हा शब्द मी वापरलेला नाही आणि वापरणार नाही. वाचकांपैकी कोणाजवळ स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवावे. मात्र गणितासह कळवावे.

रत्नमाला आता नाही. थंडीत मी अजूनही आमच्या कोठीत एक चरवी ठेवतो. तासाभराने जाऊन हात लावून पाहतो. ती गरमच असते.